उत्तर देणाऱ्याने कसं कळलं तेही लिहावं

४ जानेवारी १९९९, सोमवार
आज 'म्हात्रे टायपिंग क्लासेस'मध्ये कॉम्प्युटर बसला. टाइपरायटर भिंतीकडे सरकवले. इंटरनेट असलेला पेणमधला हा पहिलाच टायपिंग क्लास. बाकीच्या क्लासवाल्यांना विचारलेलं नाही, पण असणार.

दुपारी 'आपला रायगड' या ई-मेल ग्रुपचा मेंबर झालो. दोनशे बारा माणसं, सगळी इकडचीच, पण बरीचशी राहायला दुबई, टोरांटो, ह्यूस्टन. कोणी प्रश्न विचारायचा, ज्याला ठाऊक त्याने उत्तर द्यायचं. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. नम्रता नावाच्या बाई ग्रुप चालवतात. मूळच्या पेणच्या, आता टोरांटोत. त्यांनी लगेच नियम पाठवले. विचारणाऱ्याने काय बिघडलंय आणि स्वतः काय करून पाहिलं ते लिहावं. उत्तर देणाऱ्याने आपल्याला कसं कळलं तेही लिहावं. पुढे बरंच होतं. नियम नवख्यांसाठी असतात.

संकल्प: रोज एका माणसाचं भलं करायचं. रविवार सोडून.

६ जानेवारी. सकाळी ९
प्रिंटर चालेना. ग्रुपवर टाकलं. विषय: 'अर्जंट'. मजकूर: 'प्रिंटर चालत नाही. मदत करा.' थोडक्यात, मुद्देसूद.

संध्याकाळी ६
तीन उत्तरं आली. तिन्ही प्रश्नच. कोणता प्रिंटर? चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं? वायर नीट लावली आहे का? वीस वर्षं टायपिंग शिकवणाऱ्या माणसाला वायर विचारतात. उत्तर दिलं नाही.

७ जानेवारी
केरू वायरमन पंखा बघायला आला होता. जाता जाता प्रिंटरची वायर खोचून गेला. (ती निघालेली नव्हती. अर्धी बसलेली होती. फरक आहे.) ग्रुपवर कळवलं, सखोल अभ्यासानंतर प्रश्न सुटला. नम्रताबाईंनी विचारलं, कसा सुटला तेही लिहा, पुढच्याला उपयोग होईल. लिहिलं, 'चिकाटीने.'

११ जानेवारी, सोमवार
विचारांती ठरवलं. माझी जागा विचारणाऱ्यांत नाही, सांगणाऱ्यांत आहे. माझा स्पीड मिनिटाला पंचावन्न शब्द. बाकीचे एका बोटाने टाइप करतात. त्यांचं 'माझ्या मते' होईपर्यंत माझं उत्तर टोरांटोला पोहोचलेलं असतं.

१९ जानेवारी
आठ दिवसांत एकवीस उत्तरं. इतकी कोणाचीच नाहीत.

दुबईच्या एका बाईंनी विचारलं, वालाला मोड येत नाहीत, काय करावं? उत्तर दिलं, फ्रिजमध्ये ठेवा. नंतर घरी बायकोला, रंभाला, सहज विचारलं. ती म्हणाली, फडक्यात बांधून उबेत ठेवायचे, फ्रिजमध्ये ठेवायला ते काय आइस्क्रीम आहे? तिला दुबईच्या हवेची कल्पना नाही.

२२ जानेवारी
पुण्याच्या अमोलने तक्रार केली आहे. त्याला पेणहून जन्माचा दाखला हवा होता. मी लिहिलं होतं, रेशनकार्ड पुरे. तो रजा काढून आला आणि शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून परत गेला. ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारतो, रेशनकार्डाचं तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी लिहिलं, त्या निमित्ताने गावी येणं झालं हे महत्त्वाचं. त्यावर कोणी काही बोललं नाही. पटलं असावं.

२ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०.१०
फार मोठं काम हातून झालं. सविस्तर लिहितो.

ह्यूस्टनहून साईराज भगत नावाच्या मेंबरचा प्रश्न आला. त्याची आई हौसाबाई रोह्याजवळ वरशाला एकटी राहते. शनिवार दुपारपासून फोनची रिंग वाजते, उचलत कोणी नाही. शेजारी फोन नाही. एक्सचेंजला लावून पाहिला, तिथे कोणी दाद देत नाही. घर शाळेच्या मागे, दारात रामफळाचं झाड. कोणी जाऊन बघून येईल का? नम्रताबाईंनी खाली लिहिलं होतं, प्रश्न असा विचारावा.

चौथ्या मिनिटाला माझं उत्तर गेलं. 'काळजी नसावी. रोह्याकडे टेलिफोनची केबल तुटली आहे. गुरुवारपर्यंत लाइन सुरू होईल. आई ठणठणीत आहेत.' कसं कळलं? 'स्थानिक सूत्रांकडून.' केरू मागे कधी तरी चहा पिताना केबल तुटल्याचं म्हणाला होता. केरू स्थानिक आहे.

दुपारी ३
साईराजचं उत्तर. तीन दिवसांनी झोपायला चाललोय, म्हणतो. पोपटराव, तुमचे उपकार विसरणार नाही. दोनदा वाचलं. रंभाला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं की, ती बाय बरी आहे हे कोणी पाहिलं? म्हटलं, प्रत्येक गोष्ट पाहावी लागत नाही.

३ फेब्रुवारी
अनिता नावाच्या मेंबरने खोडा घातला. रोह्याच्या शाळेत शिक्षिका, सध्या कॉम्प्युटर ट्रेनिंगला पुण्यात. लिहिते, माझ्या रोह्याच्या घरी कालच फोन लागला, केबल नेमकी कुठे तुटली? शिवाय केबल तुटली असेल तर रिंग कशी वाजते? मी पुढच्या आठवड्याशिवाय येऊ शकत नाही, पेण जवळ आहे, तुम्हीच जाऊन या ना.

लिहिलं, 'फॉल्ट अंशतः आहे.' जायला हरकत नव्हती, पण सध्या परीक्षेचे फॉर्म भरणं चालू आहे.

४ फेब्रुवारी, गुरुवार
लाइन सुरू झाली नाही. साईराजने अगदी नम्रपणे लिहिलंय, तुमच्या सूत्रांना पुन्हा एकदा विचाराल का?

सूत्राला गाठलं. केरू स्टुलावर उभा राहून ट्यूब बदलत होता. म्हणाला, केबल तुटली होती ती वडखळला. पावसाळ्यात. तेव्हाच जोडली.

जेवण गेलं नाही. रंभाने कारण काढून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "एकटी बाय हाय ती. फोन वाजतो नि उचलत नाय. मग तुम्ही इथं काय करताय?"

५ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळच्या एसटीने वरशाला गेलो. (प्रत्यक्ष पाहणी. हे आधीपासून मनात होतंच.)

शाळेमागे घर सापडलं. कुलूप. दारातल्या रामफळाखाली रिक्षा पुसत एक माणूस उभा होता, शेजारचा मिथुन. त्याने सांगितलं, हौसाकाकी शनिवारी विहिरीच्या पायरीवरून पडली. त्यानेच रिक्षात घालून रोह्याला दवाखान्यात नेलं. पाय मोडलाय. मुलाला कळवायचं नाही, असं तिने सगळ्या आळीला बजावलं होतं.

'आई ठणठणीत आहेत' हे माझं वाक्य सारखं आठवत होतं. टायपिंगची एकही चूक नव्हती त्यात.

दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर हौसाबाई बसल्या होत्या. पायाला प्लास्टर, मांडीवर मटारच्या शेंगा. दुसऱ्या पेशंटच्या घरचे मटार सोलून देत होत्या. मी समोर स्टूल घेतलं. साईराजने दोनशे माणसांत तुमची चौकशी केली, असं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"दोनशे मानसांत? काय विचारलान त्यानं?"

सांगितलं. शाळा, रामफळ, शनिवार दुपार, सगळं.

"मग तू काय सांगितलंस?"

इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांनी मला इतकं अडचणीचं काही विचारलं नव्हतं. सांगितलं. त्यांनी हातातली शेंग ताटात टाकली. मग म्हणाल्या, "आता खरं काय ते लिव. मी सांगते तसं. मधी तुझं काय घालू नको."

आणि सांगत गेल्या. कधी पडल्या, कोणी आणलं, डॉक्टर काय म्हणाले, दीड महिना प्लास्टर, डबा मिथुनच्या घरून येतो, दवाखान्याचा फोन नंबर हा. शेवटी, काळजी नको, येऊ नको, कामाचा खाडा करू नको. हे शेवटचं सांगताना त्यांनी मटारचं ताट उगाच इकडचं तिकडे सरकवलं.

६ फेब्रुवारी
शब्द न बदलता टाकलं. कसं कळलं? 'त्यांनी स्वतः सांगितलं. मी समोर बसलो होतो.' आधीच्या उत्तराबद्दल माफीही मागितली. (एकच ओळ, पण मोकळ्या मनाने.) नम्रताबाईंनी लिहिलं, उत्तर असं द्यावं.

मी आता बदललेला माणूस आहे. संकल्प: इथून पुढे डोळ्यांनी पाहिलेलंच लिहिणार.

७ फेब्रुवारी, रविवार
सुट्टी असून क्लास उघडला. बरंच झालं. साईराजने विचारलंय, दवाखान्यात फोन लावला तर नर्स 'पेशंट बरा आहे' एवढंच म्हणून ठेवून देते. आईचा कोणता पाय मोडला? उजव्या पायात जुन्या अपघाताची सळी आहे. उजवा असेल तर काम अवघड.

डोळ्यांनी पाहिलेलं. समोर बसून पाहिलेलं. एका मिनिटात लिहिलं, 'उजवा.'

८ फेब्रुवारी
साईराज येतोय. सहा वर्षांनी. विमान शनिवारी रात्री मुंबईत उतरणार, रविवारी सकाळी वरशाला. माझ्या एका शब्दावर माणूस समुद्र ओलांडतोय.

९ फेब्रुवारी, मंगळवार
साईराजची पत्रं प्रिंट काढून हौसाबाईंना वाचून दाखवायला गेलो. येतोय म्हटल्यावर त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग विचारलं, एकदम कसा काय निघाला? मी सळीचं सांगितलं आणि सहज पायाकडे पाहिलं.

प्लास्टर डाव्या पायाला आहे.

त्यावर भरपूर विचार केला. मी समोर बसलो होतो. समोर बसणाऱ्याच्या उजव्या हाताला समोरच्याचा डावा पाय येतो. म्हणजे पाहण्यात चूक नव्हती, बसण्यात होती.

म्हटलं, आजच दुरुस्ती कळवतो. हौसाबाईंनी प्रिंटची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "माजा पाय हाय. उजवा म्हनते तर उजवा."

१० फेब्रुवारी
आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरं उत्तर आहे. पुराव्यासकट. आणि ते पाठवायचं नाही.

११ फेब्रुवारी
रंभाला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, लेक आईकडे येतोय, येऊ द्या. ती म्हणाली, "येऊ दे की. पन सळी मोडली म्हनून रडत कशाला येऊ दे? त्याच्या जीवाला घोर कोनी लावलाय?"

हौसाबाईंना शब्द दिलाय का, याचा विचार करतोय. दिला नव्हता. नुसती मान हलवली होती.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५
शेवटी लिहिलं. 'डावा पाय. उजवा ही माझी चूक.' पाठवलं आणि मग ग्रुप उघडून पाहिला. अकरा मिनिटांपूर्वी अनिताचं पत्र येऊन पडलं होतं. पुण्याहून परतल्यावर ती आधी दवाखान्यात गेली. डावा पाय, एक्स-रे पाहिला, सळीला धक्का नाही, उद्या घरी सोडणार. तिचं टायपिंग एका बोटाचं असणार. माझी पहिली बरोबर बातमी आणि मी दुसरा.

दोन्ही पत्रांच्या आधी साईराजचं एका ओळीचं पत्र होतं. 'एअरपोर्टला निघालो.' म्हणजे आमचं दोघांचंही त्याने वाचलेलं नाही.

१३ फेब्रुवारी
नम्रताबाईंचं खाजगी पत्र. इथून पुढे माझी उत्तरं आधी त्यांच्याकडे जातील, त्यांनी वाचल्यावरच ग्रुपवर. दोनशे बारांत हा मान मला एकट्याला. रंभाला सांगितलं. तिने चहात साखर जास्त घातली.

उद्या वरशाला जाणं भाग आहे. साईराजला समोरासमोर सांगायला हवं. काय बोलायचं ते टाइप करून घेतलंय. दीड पान.

१४ फेब्रुवारी, रविवार
सकाळची एसटी चुकली. वरशाला पोहोचेपर्यंत दुपारचे अडीच. साईराज ओट्यावर आईजवळ बसला होता. उंच, डोळे लाल. उठून माझे दोन्ही हात धरले. मी खिशातलं दीड पान काढलं.

त्याने विचारलंच. रागाने नाही, नुसतं समजून घ्यायला. "पोपटराव, उजवा असं कसं कळलं तुम्हाला?"

मी पहिली ओळ शोधत होतो. हौसाबाई मध्येच म्हणाल्या, "मीच सांगितलं. पडल्यावर कुनाला सुचतंय डावा नि उजवा."

साईराजने आईच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याने तोंड ओंजळीत धरलं. हौसाबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी कागद परत खिशात ठेवला.

जेवायला थांबवून घेतलं. वालाचं बिरडं, भात. तीन आठवड्यांची रजा काढलीय त्याने. निघता निघता साडेपाच झाले. मी चपला घालत होतो. साईराजने विचारलं, पेणची एसटी आता किती वाजता?

मी तोंड उघडलं.

"त्याला नको विचारू," हौसाबाई म्हणाल्या. "मिथुनला विचार."

मिथुनने रिक्षातूनच सांगितलं, सव्वापाचची गेली, पुढची सहा पन्नासला. मी सव्वासहा सांगणार होतो.