पाटावर कोण बसलं होतं

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

मु. पो. उरवडे, ता. मुळशी
अधिक ज्येष्ठ वद्य तृतीया

चि. सौ. शालन हिस ताईचा आशीर्वाद.

अक्षय्य तृतीयेला तुझं पार्सल पोचलं, त्याची पोच आज देते आहे. आत निघालं ते असं: खुनाची कादंबरी एक, छापील किंमत दोनशे साठ, मंगळावर राहायला गेलेल्यांची एक, तीनशे, कुणा निवृत्त साहेबांची आत्मकथा, जाड पुठ्ठ्याची, चारशे पन्नास, आणि तुझी स्वतःची 'वाळकीकाठची मी', तीनशे वीस. पिरंगुटहून ते आणायला रिक्षाचे जाऊन-येऊन चाळीस. एवढी महाग पुस्तकं तू धाकटी असून पाठवलीस, फार बरं वाटलं. (तुझ्या पुस्तकाची रास तुझ्या घरातच पडली असेल, म्हणून तेवढं एक मी उपकारात धरत नाही.)

तुझी मान कशी आहे? लिहून लिहून आखडली म्हणालीस. माझीही आखडते, पण ती पिठाचे डबे उतरवून, त्यामुळे तिची चौकशी करायला कोथरूडहून कुणी येत नाही. तुझ्या यजमानांना नमस्कार. आमचे हे ठीक आहेत. सूनबाई रेश्मा घरातूनच ऑफिस करते आणि फोन नेहमी स्पीकरवर लावते, म्हणून हे पत्र. दोन बहिणींचं बोलणं तिच्या हिंजवडीच्या साहेबांनी ऐकायला नको.

तुझं पुस्तक देखणं आहे. मुखपृष्ठावर 'वाळकीकाठची' हे बारीक आणि 'मी' केवढं! आपल्या कोळवणच्या शाळेची पाटीसुद्धा एवढी मोठी नव्हती. मागच्या बाजूला तुझा फोटो. त्यातली जांभळ्या काठाची साडी माझी आहे, तीन वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेलेली. पुस्तकात तिचा उल्लेख कुठे सापडला नाही. ह्यांनी पुस्तक उघडूनही न बघता टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये उभं केलं, आणि येईल त्याला 'आमच्या मेव्हणीचं हाय' म्हणून दाखवतात. माझं दहावीचं सर्टिफिकेट छत्तीस वर्षं पत्र्याच्या पेटीत आहे. त्याला कधी काच लागली नाही. पण ते असू दे.

आमचं वाचन कसं चालतं ते तुला ठाऊक नाही, कारण तू येत नाहीस. कंपनीचा तीनचा भोंगा झाला की मारुतीच्या देवळात चौदा-पंधरा बायका जमतात. वाचते मी, बाकीच्या ऐकतात. कुणाला अक्षर येत नाही, कुणाला येतं पण चष्मा नाही. वीस वर्षं पोथ्या वाचल्या, आता पुस्तकंही वाचतो, पण नियम पोथीचेच. पुस्तक चौरंगावर, वाचणारी पाटावर, शेजारी समई. पानांचे सात सारखे भाग, सात दिवसांत समाप्ती. ओळ गाळायची नाही, मध्ये उठायचं नाही, आणि आजचा भाग होईपर्यंत उद्याचं पान उघडायचं नाही, वाचणारीनेसुद्धा. (हा शेवटचा नियम माझा. त्याने माझा कसा घात केला ते पुढे येतंच आहे.)

पहिली खुनाची कादंबरी लावली. पहिल्याच दिवशी बंगल्याच्या मालकाचा खून झाला. वाचन झाल्यावर मी साखरफुटाण्यांचा प्रसाद फिरवला, तर सारजाबाई हात मागे घेऊन म्हणाली, "आत्ताच मयत झालंय, आन् परसाद कसा घ्याचा?" (सारजाबाई वरच्या वाडीवरची, सत्तरीची, तिच्यापुढे आमच्या सरपंचाचंही चालत नाही.) शेवटी मयताचं आडनाव पुन्हा वाचून दाखवलं, आपल्या भावकीतलं नाही असं सर्वांनुमते ठरलं, तेव्हा प्रसाद झाला. सहाव्या दिवशी इन्स्पेक्टर म्हणाला, 'खुनी याच खोलीत आहे,' आणि नेमकी तिथेच माझी खूण आली. मी पुस्तक मिटलं आणि आरतीला उभी राहिले. शेजारची बाळाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विरजण मागायचं निमित्त काढून दारात. "रत्नावैनी, निस्तं नाव सांगा. च्या बी नको." मी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. सारजाबाईने मात्र दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं, धाकटा दीर. कशावरून, तर "त्यो जेवताना कुनाकडं बगत न्हाई." आणि निघाला दीरच.

मंगळावर पाणी नाही हे कळल्यावर बायकांनी ती कादंबरी फार आपुलकीने ऐकायला घेतली, पण अडीचशे पानांत एकीनेही भाकरी थापली नाही, सगळे गोळ्या गिळून जगतात, त्यामुळे तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. साहेबांच्या आत्मकथेत बाराव्या पानावर त्यांचं लग्न झालं आणि त्यानंतर बायको आली ती थेट दोनशे सातव्या पानावर, 'तिची मोलाची साथ लाभली' एवढ्यापुरती. बाळाबाईने विचारलं, "मदी कुटं गेली व्हती?" सारजाबाई म्हणाली, "सैपाकघरात. तितं पुस्तक जात न्हाई."

यावरून माझं एक मत झालं आहे. तू लेखिका आहेस, तुला पटलं तर बघ. कादंबरी खोटी आहे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून माणूस निवांतपणे विश्वास ठेवतो. त्या धाकट्या दिराला बेड्या पडल्या तेव्हा बाळाबाई पदर लावून रडली. आत्मकथेचं उलट. लिहिणारा सांगतो की हे सगळं खरं आहे, आणि ऐकणारा लगेच चूक धरायला सरसावून बसतो. आता जिच्यात आपण स्वतःच आहोत अशी आत्मकथा वाचायची म्हणजे काय होत असेल!

तर तुझं पुस्तक मुद्दाम अधिक महिन्यात लावलं. पहिल्या दिवशी आपलं घर, आबा, गोठा, सगळं जिथल्या तिथे होतं. दुसऱ्या दिवशी पान एकावन्न आलं. श्रावण, कोळवणच्या देवळात पोथी लागलेली, आणि पोथी वाचणारे गेणबा बुवा स्वतःच्याच चष्म्यावर बसले. काच फुटली. आता वाचणार कोण म्हणून सगळी पुरुषमंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. तेव्हा सातवीतली एक पोरगी उठली, पाटावर जाऊन बसली आणि तीन अध्याय न अडखळता वाचले. मुलीने त्या पाटावर बसायची गावातली ती पहिली वेळ. शालन, ती पोरगी मी. तू खांबाआड रडत होतीस, कारण तुला वाटलं आबा आता मला मारणार. चारचौघांत माझं म्हणून सांगावं असं माझ्या आयुष्यात तेवढंच एक घडलं. पुढे दहावी, मग लग्न, मग डबे. आणि तू छापलंस, 'मी उठले. पाटावर जाऊन बसले. ताई खांबाआड रडत होती.'

मी ते डोळ्यांनी वाचलं आणि तोंडाने म्हटलं, "ताई उठली. पाटावर जाऊन बसली. मी खांबाआड रडत होते." मारुतीसमोर बसून सांगते, ठरवून केलं नाही. ओळ गाळली नाही, दोन शब्दांची अदलाबदल केली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाळाबाई म्हणाली, "आमाला कदी बोलला न्हाईत, वैनी!" आणि सारजाबाई म्हणाली, "सख्ख्या भनीनं लिवलंय, म्हंजी खरंच आसनार." त्या रात्री मला शांत झोप लागली. पुस्तक मात्र शोकेसमधून काढून लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवलं, सोवळ्यातलं आहे, कुणी हात लावू नका म्हणून.

एकदा अदलाबदल केली की पुढे सगळीकडे करावी लागते, हे मला माहीत नव्हतं. (तुम्हा लेखकांना सवय असेल.) 'मी' दिसलं की 'ताई' म्हणायचं, 'ताई' दिसलं की 'मी'. तुझ्या बी.ए.च्या पानावर मात्र थांबले आणि तिथे तुझं तुलाच ठेवलं. नसलेली डिग्री देवळात बसून घ्यायला मी काही लेखिका नाही. पण त्या सावधपणात दमले, आणि चौथ्या दिवशी त्या चिठ्ठीचं पान आलं. नववीत कैलास नावाच्या मुलाने 'मला' गणिताच्या वहीतून चिठ्ठी दिली, असं तू लिहिलंस. जिभेला आता वळण पडलेलं. ती चिठ्ठी पंधरा बायकांसमोर ताईला मिळाली. संध्याकाळी हे पारावरून आले आणि चप्पल न काढताच म्हणाले, "कोन ह्यो कैलास?" छत्तीस वर्षांत ह्यांनी मला भाजीत मीठ का कमी आहे, याच्यापलीकडे प्रश्न विचारलेला नाही. मी म्हटलं, "पुस्तकातला आहे." तर म्हणतात, "पुस्तकातला आसू दे. पन कुटल्या गावचा हाय?" त्या दिवसापासून रोज तीनला हे देवळाच्या ओट्यावर येऊन बसतात. वीस वर्षं मी वाचते आहे, कधी फिरकले नव्हते.

काल सातवा दिवस. शेवटचं प्रकरण. नियमाप्रमाणे ते मी आधी पाहिलेलं नव्हतं. सगळ्या बायका आलेल्या, ओट्यावर हे, समईत तेल भरपूर. तू छापलंस ते असं: 'या पुस्तकात मी केलं म्हणून जे जे धाडस लिहिलं आहे, ते ते ताईने केलेलं आहे. खांबाआड रडत होते ती मी. ताईने मला शपथ घातली होती, तिने चारचौघांत काही केलं असं कुठे लिहायचं नाही, म्हणून मी आमच्या दोघींच्या जागा बदलल्या.'

आणि मी सात दिवसांच्या सवयीने, खणखणीत आवाजात, वाचलं ते असं: "या पुस्तकात ताईने केलं म्हणून जे जे धाडस लिहिलं आहे, ते ते मी केलेलं आहे. खांबाआड रडत होती ती ताई."

पुढचं वाक्य तोंडातून फुटेना. म्हणजे माझं होतं ते तू मला परत देत होतीस, आणि मी ते उचलून, देवासमोर, पुन्हा तुझ्या पदरात टाकलं. मग सारजाबाईने विचारलं, "म्हंजी रत्ना, त्या पाटाव तू बसलीच न्हाईस व्हय?" मी काय सांगणार? अदलाबदल केली म्हणावं, तर वीस वर्षांच्या पोथ्यांचं काय? तिथे काय काय बदललं असेल, असं उद्या कुणी विचारलं तर मी पुन्हा त्या पाटावर बसू शकत नाही. मी समईची वात सारत राहिले. तेव्हा ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जाऊं दे गं. रडाया बी काळीज लागतं." आज सकाळी बाळाबाईने मला चहाला बोलावलं, दवाखान्यातून सुटून आलेल्या माणसाला बोलावतात तसं. दोन बिस्किटं जास्त दिली.

घरी येऊन ते पान छापलंय तसं पुन्हा वाचलं. तीनदा. (समाप्तीनंतर मागचं पान उघडायला बंदी नाही.) मग आठवलं. पुस्तक लिहायला घेतलंस तेव्हा तू फोन केला होतास, इकडे दूध उतू जात होतं, आणि मी खरंच तशी शपथ घातली होती, सासरचे वाचतील म्हणून. माझं मीच विसरले आणि पाच-सहा दिवस तुझ्यावर जळले. कबूल करते, ते पान फार चांगलं लिहिलंयस. त्याचाही थोडा राग आला.

तर आता असं कर. येत्या द्वादशीला पारायणाचं उद्यापन आहे, पुरणपोळी आहे. तू ये. तुला पाटावर बसवते, समई मी लावते, आणि ते शेवटचं प्रकरण तू स्वतःच्या तोंडाने, छापलंय तसं वाच. त्या दिवशी वेगळं ऐकलं असं कुणी म्हणालं, तर सांग की आमच्याकडे आलेल्या प्रतीत छापखान्याची चूक राहिली होती. तू लेखिका आहेस, तुझ्यावर विश्वास ठेवतील.

तुझी ताई,
रत्ना

ता. क. येताना जांभळ्या काठाची साडी आण. नेसून येऊ नकोस.

ता. क. २. ती शपथ मी सोडवली. देवापुढे पाणी सोडून सोडवली, काळजी नको. पुस्तक पुन्हा छापलं तर तिथे नुसतं 'ताई' नको. सौ. रत्नाबाई हैबतराव, माहेरच्या आडनावासकट आणि सासरच्याही, मु. पो. उरवडे. सासरच्यांना वाचू दे.

ता. क. ३. 'जे जे केलं ते ते ताईने,' असं तू सरसकट लिहिलंयस. त्यात कैलासची चिठ्ठीही येते. ती कुणाच्या वहीत होती ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. ती मात्र तुझ्याच नावावर राहू दे. हे ओट्यावर बसलेले असतील, तेव्हा वाचताना तेवढं बघ. जमेल की नाही ते उलट टपाली कळव; फोन करू नकोस.