जावयाशी एकतीस वर्षे न बोललेल्या सासूचे मृत्युपत्र

मी, लव्हिना लाँगवॉकर, वय एक्याऐंशी, ओटो या मूळ अमेरिकी जमातीची, राहणार रेड रॉक, ओक्लाहोमा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

१. घर व त्याखालची जमीन नात जोलीन हिला द्यावी.

२. मक्याच्या सुपाचे मोठे पातेले नऊ वर्षे शेजारीण अल्माकडे आहे. तेही जोलीनचे. आणताना झाकण मागायला विसरू नये.

३. विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना भर जुलैत आमच्या जुन्या गोष्टी आमच्याच चिवेरे भाषेत ध्वनिफितीवर भरून हव्या होत्या. साप जागे असताना त्या कोण सांगेल? त्या थंडीतच सांगायच्या. पाहुण्याला रिकाम्या हाताने धाडू नये, म्हणून मी अल्माशी झालेले पातेल्याचे भांडण चिवेरेत सांगितले. ते भक्तिभावाने मान डोलवत होते. फितीवर लिहिलेले ‘सृष्टीची उत्पत्ती’ आता खोडावे.

४. आता मुद्द्याचे. गावात ही भाषा लहानपणापासून येणारे दोघेच उरलो, मी आणि जावई ट्रूमन. सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचे नाही, हा आमचा रिवाज. त्यात मान असतो, राग नसतो. मुलगी होती तोवर निरोप तिच्यामार्फत जात. ती गेल्यापासून आम्ही दोघेही स्टोव्हशी बोलतो. “कॉफी संपलीय, कोणाला तरी सांग बाई.” दुसऱ्या दिवशी कॉफी हजर.

असा गुणी जावई, पण लेकीशी, म्हणजे जोलीनशी, इंग्रजीच बोलतो. लहानपणी ही भाषा बोलला म्हणून शाळेत शिक्षा म्हणून त्याला साबण चारला, लेकीच्या वाट्याला ते नको म्हणे. जोलीन सव्वीस वर्षांची घोडी झाली, तिला कोण साबण चारणार? ती माझ्याकडे भाषा शिकते आहे. मी गेल्यावर तिला उत्तर कोण देणार, याची मला फार भीती वाटते.

सबब माझा पिकअप ट्रक ट्रूमनला द्यावा. अट एकच, रोज सकाळी त्याने जोलीनशी चिवेरेत बोलावे.

५. वरील कलम साक्षीदारांना वाचून दाखवत असता ट्रूमन दारात आला. पाठ माझ्याकडे करून, पण थेट मला, आमच्या भाषेत म्हणाला, “ट्रक राहू द्या, सासूबाई. पोरीशी उद्यापासून बोलतो. पण तुम्ही जवळ बसा. निम्मे शब्द मी विसरलोय.”

रिवाज मोडला म्हणून मी रागवायला हवे होते. मी रडले. मग त्याचे एक क्रियापद चुकले होते, ते सुधारून दिले.

साक्षीदार: क्लाइड बर्जेस, नेडा प्लमर
सही: लव्हिना लाँगवॉकर
रेड रॉक, दि. ९ फेब्रुवारी १९८८

ता. क. मरण्याचा बेत तूर्त पुढे ढकलला आहे.