उघड्यावरचं बाक

४ जून

ती. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, पण त्याला शिव्या घालायला तू दीड पान खर्च केलंस, म्हणजे बाकी तब्येत ठणठणीत दिसते.

इकडे सगळं मजेत. हे ग्रंथपालपदावरून निवृत्त झाल्यापासून आमच्या घराचंच ग्रंथालय झालंय. नव्या चादरी कपाटात, नवे कप कपाटात, आणि आम्ही दोघं कान तुटलेल्या कपांतून चहा पितो. वापरलं की झिजतं, हा ह्यांचा सिद्धान्त. मी अजून कपाटाबाहेर आहे, यातच काय ते समज.

विचारलंस म्हणून सांगते, माझ्या पन्नाशीला तू पाठवलेल्या बाकाला भेगा पडल्यात. बसायच्या फळीला मधोमध एक, करंगळीचं नख जाईल एवढी. टोकांना बारीक बारीक बऱ्याच. तेल म्हणशील तर तू सांगितल्याप्रमाणे दोन हात दिले होते. शेजारीण विचारत होती, सुतार कोण म्हणून. म्हटलं, होता एक, आता त्याचे हात म्हातारे झालेत. रागावू नकोस हं, गंमत केली.

वहिनीला नमस्कार. माया कमी करू नये.

तुझी, चिमी


१३ जून

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

गंमत तू केलीस, पण नेम बरोबर लागला. तुझं पत्र चारदा वाचलं.

ती फळी मी दोन वर्षं सावलीत सुकवली होती. गाभ्याचा भाग टाळला होता, कारण गाभ्याची फळी हटकून फाटते. उघड्यावरचं लाकूड पावसात पाणी पिऊन फुगतं, उन्हात आटतं, आणि या फुगण्या-आटण्यात तडकतं. म्हणून तर तेलाचा डबा सोबत धाडला होता. तेल पाजूनही वर्षाच्या आत तडकलं, म्हणजे लाकूड नाही, सुतार चुकला.

शाळेच्या मैदानासाठी बारा बाकं करायची होती. काल मुख्याध्यापिकाबाईंना नाही म्हणून आलो. ज्याला बहिणीचं एक बाक धड जमत नाही, त्याने पोरांना कशाला फाटक्या फळ्यांवर बसवावं? महिनाअखेर कारखानाही देऊन टाकतोय. घेणारा तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या रचणार आहे. त्यांना भेगा पडत नाहीत म्हणे.

तुझी वहिनी म्हणते, दिवसभर घरात बसलात तर मी माहेरी जाईन. तिचं माहेर वरच्या मजल्यावर, त्यामुळे धमकी तशी स्वस्त आहे.

दुसऱ्या कुणी तेल दिलं म्हणून सांगितलं असतं, तर आधी त्याच्याशी भांडलो असतो. पण तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस.

आठवण ठेवावी.

तुझा, दादा


१७ जून

ती. दादास,

नमस्कार मागाहून. आधी कारखान्याची किल्ली कुणाला देऊ नकोस.

मी खोटं बोलले. तेलाचा थेंबही त्या बाकाला लागलेला नाही. तुझा डबा ह्यांच्या कपाटात आहे, सील न फोडलेला, वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: ‘उत्तम प्रतीचे. प्रसंगी वापरावे.’ इतकं चांगलं तेल अंगणातल्या बाकावर वाया घालवायचं का, असं म्हणत होते. मी तेव्हा हसले आणि विसरले. तू विचारलंस तेव्हा तुझी तिखट जीभ आठवली. ह्यांना वाचवायला गेले आणि तुला बुडवलं.

आणखी एक लपवलं. बाक राखाडी झालंय, उंदराच्या पाठीसारखं. तेवढ्यावरून तेल लागलेलं नाही हे तू ओळखलं असतंस, म्हणून लिहिलं नाही.

हे तोंड पाडून बसलेत. तुला माफीचं पत्र लिहायचं म्हणतात. चार मसुदे झाले, पण चांगल्या कागदावर उतरवायला जीव होत नाही.

हवं तेवढं बोल, पण काम सोडू नकोस.

तुझी खोटारडी, चिमी


२२ जून

चि. चिमीस,

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत.

राखाडी! हा एक शब्द पहिल्याच पत्रात टाकला असतास, तर माझे नऊ दिवस वाचले असते. पण मग डोक्यात आलं, वर्षभर ऊन-पाऊस नागड्या अंगाने झेलून मोठी भेग एकच, तीही नखाएवढी? उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, गुडघ्यासकट. वाईट नाही हं फळी.

राखाडीपणा कागदाइतकाच जाड असतो. पाऊस उघडला की चार दिवस बाक सुकू द्या, पॉलिश पेपरने घासा, खाली लाकूड जसंच्या तसं मिळेल. मग तेल, टोकांना जास्त, टोकंच जास्त पाणी पितात. भेगा मिटणार नाहीत, पण वाढायच्या थांबतील. हे सगळं मेव्हण्यांनी स्वतः करायचं, जुन्या कपड्यांत. तेवढे ते नक्की सापडतील. माफीचं पत्र नको म्हणावं, कागद वाचवा.

खुर्चीवाल्याला नाही म्हणून कळवलं. मग शाळेत गेलो. वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. बाईंनी वहीतून मान वर न काढताच सांगितलं की काम दुसऱ्या कुणाला दिलंच नव्हतं. त्यांचे वडीलही सुतार. दरवर्षी एकदा धंदा सोडायचे. आता बारा नव्हे, चौदा हवीत.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगणार होतो, उद्यापासून कारखान्यात जाईन म्हणून. तोंड उघडायच्या आत तिने दारातच माझ्या हातात चहाचा थर्मास दिला आणि आतून कडी लावली.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा, आणि खरं बोलत जावं.

तुझा, दादा