खेळातला पाव महागला त्याची हकीकत

चि. सौ. धाकटीस, थोरलीचा आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण बिघडली असती तर तूच फोन करून तासभर सांगितलं असतंस. माझे गुडघे जागच्या जागी आहेत. त्यांच्याबद्दल एवढंच चांगलं बोलता येईल. अक्षर सुबक दिसतंय ते नातसुनेचं. मी बोलते, ती लिहिते. (लिहू नको म्हणते तेही लिहिते. हेही लिहिलंस ना? लिहिलंच.)

तर इकडची बातमी अशी, की नातवाची नोकरी जायच्या बेतात आहे, आणि तीही पावापायी. खाण्याचा पाव नव्हे गं. त्याची कंपनी मोबाइलवरचा एक खेळ चालवते. त्यात एक गाव आहे. जगभरचे लोक तिथे येऊन भट्ट्या लावतात, पाव विकतात आणि वेशीबाहेर जाऊन राक्षस मारतात. राक्षस मेला की सोन्याची नाणी सांडतात. ती येतात कुठून म्हणशील, तर कुठूनच नाही, दर राक्षसामागे नवी कोरी. लोकांनी इतके राक्षस मारले की गावात नाण्यांचा नुसता चिखल झाला आणि दोन नाण्यांचा पाव दोनशेवर गेला. नवा माणूस हौसेनं येतो, त्याला पहिला पावही परवडत नाही, मग तो उपाशी बसतो आणि कंटाळून निघून जातो. ही महागाई आवरायची हेच आपल्या नातवाचं काम. त्याच्या वरच्या बाईंनी बजावलंय, महिनाअखेर पाव उतरला नाही तर या खुर्चीत दुसरा बसेल. पोरगं घरी आलं की बूटही न काढता सोफ्यावर आडवं होतं. मलाच बघून दमायला होतं.

आता नाणी कमी करायची म्हणजे ती कुठेतरी वाहून गेली पाहिजेत. ऑफिसात याला सिंक म्हणतात, म्हणजे आपली मोरीच. आत गेलं की गेलं, कुणाच्या खिशात निघायचं नाही. पहिली मोरी त्यानं काढली ती गंजाची. तलवारी गंजायच्या, आणि घासून देणारा लोहार खेळाचाच, माणूस नव्हे, त्यामुळे त्याला दिलेलं नाणं जागच्या जागी विरून जायचं. युक्ती झकास. पण लोकांनी केलं काय, तर तलवारी खुंटीला टांगल्या आणि राक्षसांना बुक्क्यांनी मारायला लागले! बुक्क्या फुकट, नाणी येतायत ती येतायतच. वर नातवाच्या नावानं शिव्यांचा ढीग आला. नातसुनेनं मला तो वाचून दाखवला नाही. तिचं तोंड बघून काय ते कळलं. (लाजतेस काय, लिही.)

मग मला राहवेना. वाचता येत नसलं तरी खेळता येतं, सगळी चित्रंच आहेत, आणि माझी भट्टी वेशीजवळ मोक्याच्या जागी आहे. म्हटलं, पोराला हातभार लावू. वेशीवर उभी राहिले आणि माझी नाण्यांची अर्धी पेटी नव्या पोरासोरांना वाटून टाकली. मोठ्या ऐटीत घरात सांगितलं, बघ, एवढी नाणी कमी केली. नातवानं कपाळावर हात मारला. म्हणाला, “आजी, कमी कुठे झाली? हात बदलले फक्त!” ते खरंच होतं. शिवाय त्या सगळ्या उपाशी पोरांनी एकदम पाव मागितला, त्यामुळे पाव आणखी चढला, आणि जवळची भट्टी माझीच, म्हणून वाटलेली सगळी नाणी, वर थोडी जास्तच, माझ्याच पेटीत परत आली. दानधर्म करून मी श्रीमंत झाले. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

आता शेवटचा उपाय म्हणून गावाच्या मधोमध विहीर खोदलीये. नाणी आत टाकायची, ती कायमची गेली. बदल्यात काही नाही, फक्त घंटा वाजते आणि काठावरच्या दगडावर टाकणाऱ्याचं नाव उमटतं. सगळं गाव विहिरीभोवती उभं आहे, आणि टाकत कुणीच नाही. जो तो शेजाऱ्याकडे बघतो. नातू जेवता जेवता मोबाइलमध्ये डोकावतो आणि म्हणतो, कुणीतरी मोठ्या पेटीवाल्यानं पहिलं नाणं टाकलं तर मागचे टाकतील गं. घास तसाच हातात.

बाकी क्षेम. तुमच्या घरी लहानांना माझा आशीर्वाद, यजमानांना नमस्कार.

तुझी,
थोरली

ता. क. काल तो सांगत होता, गावातली सगळ्यात मोठी पेटी कुणा ‘घुबडी’ची आहे. रात्रंदिवस राक्षस मारते, खर्च दमडीचा नाही. लहानपणी मी या नावानं कुणाला रडवायचे ते त्याला सांगितलेलं नाही. फोनवर मला ‘कसले गं हे पोरखेळ’ म्हणणारी तूच ना? असो. महिनाअखेर जवळ आली आहे. पेटी विहिरीत ओत. पोराची नोकरी आहे.

ता. क. दुसरा. नातसून विचारते, आजी, तुमच्या पेटीचं काय? (विचारलंस ते विचारलंस, लिहायचं कशाला?) सांगते. सकाळी मी विहिरीपर्यंत गेले होते. एक नाणं काढलंसुद्धा. इतकं पिवळंधमक दिसलं गं, की परत ठेवलं. तू टाक, मी तुझ्या मागेच उभी आहे.