पेनीच्या पाठीतल्या नळ्या

३ ऑगस्ट
माझ्या नवऱ्याच्या, पेनीच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं एकदाचं. सामोआ सोडून ब्रिस्बेनला आल्यापासून खाटीकखान्यात गोठलेली धडं उचलली, पाठ किती दिवस सोसणार? भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाठीत दोन बारीक नळ्या ठेवल्यात. त्यातून औषध झिरपतं, नसा गप्प राहतात. याचा चेहरा बघा तर लग्नाला निघाल्यासारखा! म्हणतो, "म्हातारे, घरी चल, टारोचे कंद उपटायचेत." आगाऊ मेला.

४ ऑगस्ट
परिचारिका सारखी पायाला टोचून विचारते, "कळतंय?" हा म्हणतो, "कळतंय." शेवटी मीच म्हटलं, "बाई, डोळा तरी लागू दे त्याचा."

दुपारी पाळकसाहेब आले, चर्चची माणसं, कोकोभाताचा डबा. मी चटई अंथरली. ते खाली बसलेले, आणि यानं वर पलंगावर त्यांच्याकडे पाय करून पडायचं? उतरलाच. आमची लेक फिलोई आडवी आली — "बाबा, आधी डॉक्टरांना विचारू." "दुखतच नाही, तर विचारायचं काय?" अख्खी प्रार्थना मांडी घालून बसला. उठवायला दोघं लागले. डावा पाय लटपटत होता.
"मुंग्या आल्यात," म्हणाला. सगळे हसले. आमच्या पाळकसाहेबांच्या प्रार्थनेनंतर कुणाला येत नाहीत?

५ ऑगस्ट
मुंग्या गेल्याच नाहीत. आता दोन्ही पाय उचलत नाहीत, लघवीही अडली. मी म्हटलं, औषध खाली उतरलं असेल. डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. "आजी, ते औषध पाठीपुरतं. पायात जातच नाही."
मणक्यात रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब आलाय म्हणे. धावतच पुन्हा आत नेलं.

६ ऑगस्ट
रक्त काढलं. पाय हलत नाहीत. हलतील का, कुणी सांगत नाही.
पाळकसाहेबांचा फोन वाजत राहिला. घेतला नाही. फिलोई माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे — चटई मी अंथरली.

९ ऑगस्ट
पेनी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मांडी घातली म्हणून नाही गं. पाय त्या दिवशी सकाळपासूनच बधिर होता. टोचलेलं कळत नव्हतं, तरी हो म्हणत राहिलो. सांगितलं असतं तर तू पाळकसाहेबांना दारातूनच परत पाठवलं असतंस."
पाठवलंच असतं.