रशीदचाचांचा पुढचा दात

मंगळवार, संध्याकाळ

बँडमधले क्लॅरिनेटवाले रशीदचाचा आज पुन्हा तपासायला आल्ते. तीन महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडून त्यांचा पुढचा दात तुटला होता, आतली नस लाल ठिपक्यासारखी उघडी पडली होती.

"डॉक्टरीणबाई, क्लॅरिनेट याच दातावर टेकतं. मरू देऊ नका त्याला," म्हणाले होते.

नस काढायची सोडून मी त्या ठिपक्यावर औषधाचा थर दिला आणि वरून दात घडवला. तेव्हापासून तो ठिपका डोक्यातून जातच न्हाई. चुकले तर नसेन?

आज दाताला बर्फ लावला. चाचा दचकले.

"लागलं?"

"बराबर लागलं."

म्हणजे नस जिवंत. मंग एक्स-रे काढला. औषधाखाली बारीक पांढरी रेघ, दातानं स्वतःच घातलेली भिंत. इथं भोक पडलंय, हे त्याला कळलं कसं असेल?