आईच्या उशा

तीर्थरूप बाबा,

मी बरी आहे, इथलं जेवण अंगी लागलंय.

नर्सिंगच्या आमच्या बाई स्वतःच पेशंट होऊन खाटेवर झोपतात. प्रश्न विचारून आजार आम्ही ओळखायचा. आज माझी पाळी होती. मी विचारलं, "झोपताना उशा किती लागतात?"

"तीन. आडवं झालं की धाप लागते."

"मग हृदय थकलंय," मी म्हटलं. बाईंनी पाठ थोपटली.

आईही शेवटी तीन घ्यायची. आपण तिला राणीसरकार म्हणून चिडवायचो.

तास संपताच बाई टुणकन उठून बसल्या. आई मात्र उठली नव्हती.

धाकटी लिहिते, हल्ली आईच्या उशा तुम्ही घेता. तिची आठवण येते म्हणूनच ना, बाबा? तेवढंच कळवा.

तुमची,
थोरली